‘नागडा जन्मलेला’ असं आडनाव खरंच असतं का?

नमस्कार.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. नाशिकहून तुम्ही लिहिलंय की मुलीचं लग्न एका डच मुलाशी ठरलंय, मुलगा आणि त्याच्या घरची माणसं तुम्हाला मनापासून आवडली आहेत. पण ‘नाक्तखेबोरन’ हे त्यांचं आडनाव मोबाइलवर भाषांतराला टाकलं की उत्तर येतं ‘नागडा जन्मलेला’. पत्रिका छापायची वेळ आली आहे आणि नात्यात कुजबुज सुरू झाली आहे. त्यातच कुणीतरी नेपोलियनची गोष्ट पाठवली: नावनोंदणीची सक्ती झाल्यावर डच लोकांनी साहेबाची टर उडवायला मुद्दाम चावट आडनावं लिहून दिली आणि ती कायमची चिकटली. ही गोष्ट खरी का, आडनाव एवढं दुर्मीळ का आणि मुलीला ते लावावंच लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली 19 वर्षं नेदरलँड्समध्ये जुने कागद वाचून लोकांना त्यांच्या घराण्याचा माग काढून देण्याचं काम करते. तुमच्या तीन प्रश्नांच्या मागे एक चौथा प्रश्न आहे, तो तुम्ही लिहिला नाहीत: या नावात काही कमीपणा आहे का? नाही, अजिबात नाही. आता हे मी कशावरून म्हणते ते सांगते.

आधी शब्द पाहू. ‘नाक्त’ म्हणजे नागडा, ‘खेबोरन’ म्हणजे जन्मलेला. आजच्या डच भाषेत अर्थ तोच होतो, मोबाइलनं चूक केलेली नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर, म्हणजे आजच्या शब्दाचा आजचा अर्थ हाच आडनावाचा अर्थ असं धरून चालण्यात. मीही सुरुवातीला ही चूक केली आहे. एका कुटुंबाच्या आडनावाच्या शेवटी ‘विंकल’ होतं. आजच्या डचमध्ये विंकल म्हणजे दुकान. मी त्यांना खुशाल सांगितलं की तुमचे पूर्वज दुकानदार असावेत. पुढे देशाच्या पूर्वेकडच्या आख्टरहूक भागातले कागद हाती आले तेव्हा कळलं की ते एका शेताचं नाव होतं, आणि जुन्या बोलीत विंकल म्हणजे कोपरा, वळणातला जमिनीचा तुकडा. त्या भागात आडनाव शेतवाडीला असायचं. दुसऱ्या गावचा पुरुष लग्न करून त्या शेतावर राहायला आला की तोही तेच नाव लावायचा. म्हणजे दुकान तर नव्हतंच, पण ते नाव रक्ताच्या नात्यानं आलं होतं असंही खात्रीनं सांगता येत नव्हतं. तेव्हापासून माझा नियम ठरला: आधी कागद, मग अर्थ.

आता नेपोलियनची गोष्ट. तिचा पाया खरा आहे. 1810 मध्ये हॉलंड फ्रेंच साम्राज्याला जोडला गेला. 18 ऑगस्ट 1811 च्या हुकमानं ज्यांना ठरलेलं आडनाव नव्हतं त्यांनी ते घेऊन नोंदवायचं, असं ठरलं. बऱ्याच लोकांनी टाळाटाळ केली, म्हणून 1813 मध्ये पुन्हा हुकूम निघाला. फ्रेंच गेल्यावरही काम अपुरंच होतं, तेव्हा राजा पहिला विल्यम यानं 8 नोव्हेंबर 1825 रोजी आणखी एक आदेश काढला. इथवर सगळं इतिहासात आहे. ‘लोकांनी चेष्टेनं नावं दिली’ हा पुढचा भाग मात्र कागदांवर टिकत नाही.

एक तर देशाच्या पश्चिम भागात, म्हणजे अ‍ॅम्स्टरडॅम, लायडन, रॉटरडॅमच्या पट्ट्यात, बहुतेकांची आडनावं तोवर पक्की झाली होती. तिथल्या लोकांना 1811 मध्ये नवं काही घ्यायचंच नव्हतं. ज्यांना घ्यायचं होतं ते मुख्यतः फ्रीसलंड, ख्रोनिंगन, ड्रेंथ अशा उत्तरेकडच्या प्रांतांतले, कारण तिथे मुलाच्या नावापुढे फक्त बापाचं नाव लावायची पद्धत होती. दुसरं, फ्रीसलंडमधल्या त्या नोंदवह्या आजही आहेत, आणि मी त्या अनेकदा चाळल्या आहेत. घरचा कर्ता येतो, आडनाव सांगतो, मुलांची आणि नातवंडांची नावं व वयं लिहून देतो, खाली सही करतो किंवा लिहिता येत नाही असं सांगतो. वाचताना मला तिथे थट्टा दिसत नाही, घरादाराची काळजी दिसते. आपली नातवंडं ज्या नावानं ओळखली जाणार ते नाव म्हातारा माणूस गावच्या चावडीवर उभा राहून चेष्टेत सांगेल, हे मला पटत नाही. गंमत म्हणून जे नाव नेहमी पुढे केलं जातं ते ‘झोंडरवान’ घ्या. शब्दशः ‘वानशिवाय’. डच बोलीत ‘वान’ हा शब्द आडनाव या अर्थानंही वापरतात, तेव्हा ‘आडनाव नसलेला’ असा साधा अर्थ निघतो. ज्याला खरोखरच आडनाव नव्हतं त्यानं दिलेलं प्रामाणिक उत्तर म्हणून मी ते वाचते.

आणि तिसरं, तुमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं: नाक्तखेबोरन हे आडनाव 1811 च्या बरंच आधीपासून होतं. नेपोलियन जन्मायच्या आधीच जे नाव लावलं जात होतं ते त्याची टर उडवायला जन्मलं, असं म्हणता येणार नाही.

मग ते आलं कुठून? डच आडनावांचे अभ्यासक जे सांगतात ते असं: मूळ शब्द जर्मन आहे, ‘नाखगेबोरन’. जर्मनमध्ये ‘नाख’ म्हणजे नंतर. नंतर जन्मलेला, म्हणजे बापाच्या मृत्यूनंतर जन्माला आलेलं मूल. दोन्ही शब्द एकामागोमाग मोठ्यानं म्हणून पाहा: नाखगेबोरन, नाक्तखेबोरन. डच माणूस ‘ग’ घशातून ‘ख’सारखा काढतो, त्यामुळे ऐकताना अंतर आणखी कमी होतं. ‘नंतर’ या अर्थाचा डच शब्द नुसता ‘ना’ असा आहे, त्यात शेवटी ‘ख’ नाही. तेव्हा जर्मन ‘नाख’ डच कानाला अडखळतो आणि कान जवळचा ओळखीचा शब्द शोधतो. कुठल्याही भाषेत परकं नाव असंच रुळतं: आवाज तसाच राहतो, अर्थ मात्र बदलून जातो.

हे घडायला सतराव्या शतकात भरपूर वाव होता. डच प्रजासत्ताकात जर्मन मुलखातून माणसं सतत येत होती. कुणी गवत कापायला उन्हाळ्यापुरतं, कुणी पलटणीत, कुणी जहाजावर. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून दोन शतकांत जवळपास दहा लाख माणसं आशियाकडे निघाली, आणि त्यांतली साधारण निम्मी डच नव्हती. असा माणूस एखाद्या गावात स्थायिक व्हायचा, लग्न करायचा, मुलाचा बाप्तिस्मा व्हायचा. नोंद लिहायचा चर्चचा पाद्री. बापाला कदाचित लिहिता येत नसे, पाद्र्याला जर्मन येत नसे, आणि शुद्धलेखनाचा अधिकृत नियम तर 1804 पर्यंत अस्तित्वातच नव्हता. पाद्री कानाला जे पटेल ते लिहायचा. एकाच बापाच्या तीन मुलांच्या बाप्तिस्म्यात आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय. पुढे नागरी नोंदणी आली आणि त्या क्षणी जे रूप कागदावर होतं तेच गोठलं.

आता त्या मूळ अर्थाकडे पुन्हा बघा. बाप गेल्यावर जन्मलेलं मूल. त्या काळच्या युद्धांत, साथींत, समुद्रावर किती बाप गेले असतील. डच इतिहासातलं सगळ्यात ठळक उदाहरण राजघराण्यातलंच आहे. ऑरेंजचा दुसरा विल्यम 6 नोव्हेंबर 1650 रोजी देवीच्या रोगानं वारला आणि आठ दिवसांनी, 14 नोव्हेंबरला, हेगमध्ये त्याचा मुलगा जन्मला. तोच पुढे इंग्लंडच्याही गादीवर बसलेला तिसरा विल्यम. तुम्हाला सवाई माधवराव आठवतील: नारायणरावांचा खून 1773 मध्ये झाला आणि 1774 मध्ये पुरंदरावर मूल जन्मलं. एखाद्या विधवेच्या पोटी असं मूल आलं की सगळं गाव त्याला त्याच गोष्टीनं ओळखायचं. तुमच्या व्याह्यांच्या आडनावात मला असं एक मूल दिसतं, आणि त्याला वाढवणारी आई दिसते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वर सांगितलं ते आडनावाचं स्पष्टीकरण झालं, तुमच्या जावयाच्या शाखेचा इतिहास नव्हे. त्यांच्या घराण्यात ते नाव कुठल्या पिढीत आलं, आजोबा-पणजोबांकडून सरळ आलं की मधे कुठे आईकडून, हे त्यांचे कागद पाहिल्याशिवाय कुणीच सांगू नये.

आता दुर्मीळपणा. हा मुद्दा मला जास्त जवळचा आहे. ‘दुर्मीळ आडनाव’ म्हटलं की लोकांना वाटतं प्राचीन, खानदानी, किंवा उलट काहीतरी विचित्र. दोन्ही समज सोडून द्या. नेदरलँड्समध्ये आडनावांचा एक मोठा संग्रह आहे. तो अ‍ॅम्स्टरडॅमच्या मेर्टेन्स संस्थेत तयार झाला आणि आता हेगच्या ‘सेबेगे’ या कुलवृत्तांत केंद्राकडे आहे. नाव टाकलं की 1947 ची जनगणना आणि 2007 ची लोकसंख्या नोंदणी, अशा दोन वेळचे आकडे नकाशासह मिळतात. सगळ्यात जास्त आढळणारं ‘दे योंग’ 2007 मध्ये 83 हजारांहून अधिक लोक लावत होते. दुसऱ्या टोकाला इतकी लहान नावं आहेत की पाचाहून कमी माणसं असली तर खासगीपणा जपायला आकडाच दाखवत नाहीत. सगळी मिळून तीन लाखांच्या वर वेगवेगळी आडनावं त्यात आहेत. म्हणजे दुर्मीळ आडनाव असणं हीच या देशात एक साधी गोष्ट आहे.

याचं पहिलं कारण लेखणी. यान्सन हेच बघा: एका ‘स’नं, दोन ‘स’नं, शेवटच्या ‘न’शिवाय. ‘दे योंग’च्या जोडीला ‘दे योंग्ह’ आणि ‘दे योंगे’. कारकुनानं एखादं अक्षर वेगळं काढलं आणि नोंदणीत ते वेगळं आडनाव झालं, कदाचित पंधराच माणसांचं. तिथे दुर्मीळ काही असेल तर ते फक्त त्या कारकुनाचं लिहिणं.

दुसरं कारण मुली. नाव बापाकडून मुलाकडे जात राहिलं, तर ज्या पिढीत फक्त मुली झाल्या तिथे ती शाखा नावापुरती संपते, रक्त पुढे चालू असलं तरी. तिसरं स्थलांतर. दुसऱ्या महायुद्धानंतर कुटुंबंच्या कुटुंबं कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेली. जे नाव इथे मोजकं उरलंय ते तिकडे भरभराटीला आलेलं सापडतं.

चौथ्या कारणाचा तुमच्या व्याह्यांच्या नावाशी संबंध नाही, पण दुर्मीळपणाबद्दल बोलताना मला ते वगळता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी नेदरलँड्समधल्या सुमारे एक लाख दोन हजार ज्यूंना मारलं. 1947 ची गणना त्यानंतरची आहे. काही आडनावांपुढचा तो लहान आकडा म्हणजे मागे उरलेली माणसं. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये 2021 मध्ये उघडलेल्या स्मारकात प्रत्येक विटेवर एक नाव कोरलंय. तिथे एकाच आडनावाच्या विटा ओळीनं वाचत गेलं की एखादं नाव विरळ कसं झालं हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि पाचवं, नाव एकाच घरात, एकदाच जन्मलेलं असणं. ‘दे योंग’ म्हणजे धाकटा. असं नाव शेकडो गावांत स्वतंत्रपणे पडलं, म्हणून दोन दे योंग एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही. नाक्तखेबोरनसारखं नाव मात्र कानाची अशी चूक पुन्हा पुन्हा घडल्याशिवाय अनेक ठिकाणी पडणार नाही. अशा नावाची दोन माणसं भेटली तर ती मागे कुठेतरी एकत्र येण्याची शक्यता बरीच असते. आमच्या कामात दुर्मीळ नाव हाती आलं की मी खूश होते. दे योंग शोधायचा म्हणजे आभाळातली एक चांदणी शोधायची.

इथवरचं थोडक्यात: नाव 1811 च्या आधीचं आहे, नेपोलियनची गोष्ट त्याला लागू होत नाही. अर्थ ‘बापाच्या पश्चात जन्मलेला’ या जर्मन शब्दाकडे जातो. आणि दुर्मीळ असणं हा दोष नाही, उलट वंशावळ काढायला सोय आहे.

नावाच्या रूपावर विसंबू नका असं मी एवढं का बजावते, त्याचं एक उदाहरण देते. ‘केन्सविल’ हे आडनाव. ऐकून कुणीही म्हणेल की ते एखाद्या गावाचं असावं. सुरिनाम या डच वसाहतीत 1 जुलै 1863 रोजी गुलामगिरी संपली आणि मुक्त झालेल्या माणसांना आडनावं द्यायची वेळ आली. वसाहतीत आधीपासून असलेली घराण्यांची नावं तशीच द्यायची नव्हती. मग अक्षरं मागेपुढे केली गेली: विल्केन्सचं केन्सविल, दे व्रीसचं व्रीसदे. शब्दकोशात शोधत बसलं तर या नावांचा अर्थ कधीच सापडणार नाही. तो मुक्ततेच्या नोंदवहीत सापडतो.

आता व्याह्यांना विचारायचं असेल तर काय विचारावं? ‘तुमच्या नावाचा अर्थ काय’ असं नका विचारू. तो प्रश्न त्यांनी शाळेपासून ऐकलेला असणार आणि त्यामागचं हसूही. त्याऐवजी विचारा की आजोबा कुठल्या गावचे, त्यांचं लग्न कुठे झालं. डच लोकांना गावाबद्दल बोलायला आवडतं आणि आम्हाला तेवढाच धागा पुरतो.

पुढचा मार्ग असा जातो. जन्माच्या नोंदी 100 वर्षांनी, लग्नाच्या 75 वर्षांनी आणि मृत्यूच्या 50 वर्षांनी खुल्या होतात. ‘वी वास वी’ आणि ‘ओपन आर्खीफन’ या संकेतस्थळांवर त्या नावानं शोधता येतात. मी नेहमी लग्नापासून सुरुवात करते, कारण लग्नाच्या नोंदीत वधूवरांच्या आईबापांची नावं असतात, आणि तिच्यासोबत जोडपत्रांची एक चळत असते. तिच्यात दोघांच्या जन्माचे दाखले, वराचा लष्करभरतीचा दाखला, आईबाप हयात नसतील तर त्यांच्या मृत्यूचे दाखले, कधी कधी आजोबांचेही सापडतात. एका लग्नाच्या चळतीत तीन पिढ्या मिळालेल्या मी पाहिल्या आहेत. असं एकेका लग्नावरून मागे जात 1811 पाशी पोचलात की नागरी नोंदणी संपते आणि चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या वह्या सुरू होतात. तिथे लिपी अवघड आहे. ‘नाक्त’ त्या काळी वेगळ्या अक्षरांनी लिहायचे, तेव्हा आजच्या अक्षरांनी शोधून काही मिळालं नाही म्हणून थांबू नका. घराणं नैऋत्येकडच्या झीलंड प्रांताचं निघालं तर मन थोडं घट्ट करा. मे 1940 मध्ये, महायुद्धात, तिथलं मुख्य शहर मिडलबर्ग जळालं तेव्हा तिथल्या दप्तरखान्यातलं खूप काही त्याच्याबरोबर गेलं. दक्षिण हॉलंडचं निघालं तर काम बरंच सोपं आहे.

या सगळ्याला किती वेळ लागेल ते गावावर आणि नशिबावर अवलंबून आहे. काही घराणी मी एका शनिवारी 1700 पर्यंत नेली आहेत. एका घराण्यात एका बाप्तिस्म्यासाठी दोन वर्षं अडकले होते. तो शेवटी शेजारच्या गावच्या वहीत मिळाला, कारण त्या हिवाळ्यात गावात पाद्रीच नव्हता.

राहिला मुलीचा प्रश्न. डच कायद्यात लग्नानं बाईचं आडनाव बदलत नाही. पासपोर्टवर, नोंदणीत तिचं माहेरचं नावच राहतं. रोजच्या वापरासाठी मात्र तिला चार पर्याय आहेत: स्वतःचं, नवऱ्याचं, आधी नवऱ्याचं मग स्वतःचं, किंवा उलट. हवं तेव्हा ती हे बदलूही शकते. मुलांसाठी दोघांपैकी कुणाचंही आडनाव निवडता येतं, आणि 1 जानेवारी 2024 पासून दोन्ही जोडून देता येतात. तेव्हा यातलं काही पत्रिका छापायच्या आधी ठरवायची गरज नाही, आणि ते मुलीनं आणि जावयानं मिळून ठरवायचं आहे.

पत्रिकेवर त्यांचं आडनाव पूर्ण आणि नीट छापा, ‘नाक्तखेबोरन’. कुणी अर्थ विचारलाच तर सांगा: वडिलांच्या पश्चात जन्मलेला. आजोबांचं गाव कळलं तर मला जरूर कळवा. त्या गावच्या वह्या कुठल्या दप्तरखान्यात आहेत ते मी पाहून सांगेन.